आत्याच्या नावाची काच

"हा दवाखाना आहे की धर्मशाळा? उचलायचं आणि आणून टाकायचं!"

डॉक्टर ओट्यावरूनच बोलत होते. पायऱ्या उतरून खाली आले नाहीत. खाली अंगणात झोळी ठेवलेली. बांबूला घोंगडी बांधून केलेली. झोळीत माझी आत्या, वडलांची थोरली बहीण. चौघांनी खांदे बदलत बदलत डोंगर उतरवून तिला आणलं होतं. अर्ध्या दिवसाची वाट.

कंपाउंडर खाली आला. आत्याच्या कपाळाला दोन बोटं लावली, लगेच पायजम्याला पुसली.

"गार आहे साहेब. ताप नाही."

"बघा! ताप नाही आणि वरात काढलीय. मोहाची उतरली नसेल हिची अजून."

दोघं हसले. माझ्या आत्यानं उभ्या जन्मात दारूला बोट लावलं नव्हतं. तिनं पदर तोंडावर ओढून घेतला.

तिजारीचं, एक दिवसाआड येणाऱ्या हिवतापाचं, असंच असतं. एक दिवस हिव भरतं, दुसऱ्या दिवशी माणूस उठून बसतं, पेज पितं. हिव भरलेलं माणूस झोळीत ठरत नाही, थडथड उडतं. उतारावर खांदेकऱ्यांचा तोल जातो. म्हणून आमचे लोक चांगला दिवस बघून निघायचे. आणि चांगल्या दिवशी पोचलं की डॉक्टर म्हणणार, ताप कुठाय? हे त्या चौघांना कळत नव्हतं. मला कळत होतं. मी तिथंच उभा होतो, खाकी कपड्यात, खांद्याला सरकारी पिशवी. मलेरियाचा वर्कर. आत्याच्या पोरानं, माझ्या थोरल्या आतेभावानं, वाटेवरच्या माझ्या गावातून मला मुद्दाम सोबत घेतलं होतं. "आपला मानूस हाय दवाखान्यात," असं तो वाटभर त्या चौघांना सांगत आला होता.

डॉक्टरांनी रजिस्टर मागवलं. नाव विचारलं, वाडी विचारली. किती दिवस ताप आहे ते विचारलं.

"तीन आठवडं झालं सायब," आतेभाऊ म्हणाला. "भगताकडं नेली, किराइताचा काढा दिला. उतार न्हाई."

"आधी भगत! मग आम्ही!" डॉक्टरांनी ओळीवर बोट ठेवलं. "हे बघ. बारा दिवसांपूर्वी रक्त घेतलंय हिचं. रिपोर्ट आलाय. जंतू नाहीत. हिवताप नाही हा. हिवतापाच्या गोळ्या मी अशा वाटत बसलो तर पुरतील का?" मग माझ्याकडं बघितलं. "काय रे, तूच घेतलंस ना हिचं रक्त?"

त्या काचेवर आत्याचं रक्त नव्हतं. माझं होतं.

हे कसं झालं ते सांगतो. सारवासारव करत नाही.

साल एकाहत्तर. आमच्या भागात वर्कर म्हणून लागलेला महादेव कोळ्याचा मी पहिला. काम असं, दर पंधरवड्याला वाड्यावाड्या फिरायचं. कुणाला ताप आला का विचारायचं. आला असेल तर बोटाला टोचून रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा, पेन्सिलीनं नंबर टाकायचा, चार गोळ्या आपल्यासमोर गिळायला लावायच्या. काचा तपासायला जायच्या. लोक मला रगतवाला म्हणायचे. म्हाताऱ्या दार लावून घ्यायच्या. मी हाका मारून, थट्टा करून त्यांना बाहेर काढायचो. काम मला आवडायचं, खोटं कशाला बोलू.

पण आमचा इन्स्पेक्टर. दर सोमवारी मीटिंग. बाकीचे वर्कर बाकावर, मी आणि एक ठाकराचा गडी, आम्ही दोघं आदिवासी, खाली फरशीवर. बसायला कुणी सांगितलं नव्हतं, उठायलाही कुणी सांगितलं नाही. श्रावणात एकदा माझ्या काचा कमी भरल्या.

"का कमी?"

"नदीला पानी हुतं सायब. तिकडच्या वाडीला जाता आलं न्हाई."

"पाण्याचा रिपोर्ट पाटबंधारेवाले देतात. तू मला काचा दे."

मग त्यानं माझ्या पिशवीतल्या रिकाम्या काचा काढल्या, माझ्या दोन्ही हातांवर ठेवल्या आणि मला सगळ्यांसमोर उभं केलं. मीटिंग संपेपर्यंत. "डोंगरातल्यांना नोकरी दिली की असं होतं. गुरं चरायला सोडल्यासारखे फिरतात." बाकावरचे हसले. एकानं खाली बसलेल्या ठाकराच्या गड्याकडं बघितलं. तोही हसला. त्याला हसावंच लागलं.

बाहेर आल्यावर एका जुन्या वर्करनं मला बाजूला घेतलं. "अरे येड्या, तुझ्या बोटात रगत न्हाई काय? एका टोचनीत धा काचा भरत्यात. समदेच करत्यात."

पुढच्या पंधरवड्यात नदी तशीच फुगलेली. मी अलीकडच्या काठावर जांभळीखाली बसलो. पलीकडं आत्याची वाडी दिसत होती. धूर दिसत होता. मी स्वतःच्या बोटाला टोचलं आणि अकरा काचा भरल्या. इतर वाड्यांचं खोटं अवघड गेलं असतं. नावं, वयं, घरं कुठून आणायची? या वाडीतली पोरंसोरंसुद्धा मला तोंडपाठ. चौथीपासून सातवीपर्यंत मी आत्याच्या घरी राहून शिकलो. तिच्या नागलीच्या भाकरी खाल्ल्या. त्या ओळखीच्या जोरावरच मी नावं लिहीत गेलो. तिसरं नाव तिचं.

गोळ्या उरल्या. अकरा जणांना दिल्या असं लिहिलं, मग पिशवीत कशा? पिशवी तपासली तर सापडलो असतो. मी त्या मुठी भरभरून नदीत टाकल्या.

नदी चार दिवसांत उतरली होती. तरी मी त्या वाडीला गेलो नाही. लिहून झालं होतं ना. आता जायचं कशाला!

तर डॉक्टर विचारत होते, तूच घेतलंस ना रक्त.

"व्हय सायब," मी म्हणालो.

"काय गं बाई? घेतलं ना यानं?"

आत्यानं पदर बाजूला केला. माझ्याकडं बघितलं. तिला ठाऊक होतं. महिनाभरात मी तिचा उंबरा चढलो नव्हतो. मला वाटलं, आता बोलेल. देवाशपथ, मला वाटत होतं तिनं बोलावं.

"घेतलं की," आत्या म्हणाली. "ह्या बोटाचं." आणि बोट वर करून दाखवलं.

डॉक्टरांनी रजिस्टर मिटलं. कंपाउंडरनं बाटलीत लाल औषध भरून दिलं. चौघांनी झोळी उचलली.

चढाला लागायच्या आधी ते पाणी प्यायला थांबले. मी झोळीजवळ बसलो. माझ्या पिशवीत एकही गोळी नव्हती. नव्या गोळ्या सोमवारी मिळणार.

"आत्या, खोटं का बोललीस गं?"

"तुजी नोकरी हाय बाबा." मग जरा दम घेऊन म्हणाली, "पन येत जा रं. लोकं वाट बघत्यात."

मी तिथूनच परत फिरायला हवं होतं. पाऊण तासाची वाट. डॉक्टरांच्या पायावर पडायला हवं होतं, नाहीतर त्यांची गचांडी धरायला हवी होती. मी झोळीमागं चालत राहिलो. नोकरी जाईल, एवढंच डोक्यात. इतका नीच होतो मी.

दुसऱ्या दिवशी हिव भरलं. दुपारनंतर ती काहीबाही बोलायला लागली. आतेभावानं मग सांगितलं, माझं नाव घेऊन भाकर वाढत होती. त्यानंतर उठली नाही.

सोमवारी इन्स्पेक्टरनं कागद पुढं केला. आत्याच्या मरणाचा रिपोर्ट, टाईप केलेला. 'नातेवाइकांनी अंधश्रद्धेमुळे भगताकडे उपचार केले व रुग्णास दवाखान्यात आणण्यास विलंब केला.'

"तू त्या वाडीचा वर्कर. सही कर."

मी तो दोनदा वाचला. भगत बिचारा. त्यानं निदान तिच्या दंडाला हात लावून दोरा बांधला होता. रात्रभर शेजारी बसला होता.

"न्हाई करत."

"काय?"

"ती काच माझ्या रगताची हाय. अकराच्या अकरा माझ्या हायेत. मी गेलोच न्हाई तिकडं. आन् इथं बाकावर बसल्यात त्यांच्या काचा बी इचारा, कुनाच्या हायेत."

कुणी हसलं नाही. इन्स्पेक्टरनं उठून दार लावलं. आवाज खाली आणून म्हणाला, "शहाणा आहेस ना? तूही जाशील, मीही जाईन. बस. वर बस, बाकावर."

पहिल्यांदाच बस म्हणाला. मी उभाच राहिलो.

मग एक गोष्ट डोक्यात शिरली आणि ती अजून निघत नाही. कागदावर आत्याची वाडी निरोगी होती. ताप नाही, रोग नाही, म्हणून जादा गोळ्या नाहीत, डॉक्टर फिरकायची गरज नाही. तिथं माणसं कुडकुडत होती आणि मी माझं रक्त देऊन सरकारला लिहून देत होतो की कुणी कुडकुडत नाही. त्यांनी मला फरशीवर बसवलं, त्याचा मला राग होता. पण मी त्यांच्यासाठी माझीच माणसं कागदावरून पुसली. त्याचं काय?

त्याच दिवशी वाडीला गेलो. आतेभावाला सगळं सांगितलं. दारात, शेजारपाजाऱ्यांसमोर. मला वाटलं कुऱ्हाड उचलेल. त्यानं एवढंच विचारलं, "आईला ठावं हुतं?"

"व्हय."

तो आत गेला. त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही. बरोबर आहे त्याचं. मी त्याच्याकडं माफी मागितली नाही, मागणार नाही. माफी मिळाली तर मी पुन्हा सुखानं झोपेन.

नोकरी गेली. पत्रात 'कामात कसूर' लिहिलं होतं. खरंच होतं ते. इन्स्पेक्टरची मात्र बदली झाली, कोपरगावकडं, चांगल्या सपाट मुलखात.

आता मी पावसाळाभर वाड्या फिरतो, पिशवीशिवाय. लोकांना सांगतो, चांगल्या दिवसाची वाट बघू नका. हिव भरल्याच दिवशी झोळी बांधा, माणूस उडतंय तर दोरानं आवळा, पण त्यांना थरथर दिसू द्या. आणि त्याच्याआधी, प्रत्येक वाडीत, पहिलं हे सांगतो की मी खोटं लिहिलं आणि माझी आत्या मेली. कुणी थुंकतं. थुंकू दे.

मग विचारतो, तुमच्या नावापुढं काय लिहिलंय, बघितलं का कुणी? नाही ना? चला माझ्यासोबत. मला वाचता येतं. ते रजिस्टर मी उघडायला लावीन आणि एकेक नाव मोठ्यानं वाचीन, भर अंगणात, ज्याचं नाव त्याला उभं करून. एक जरी ओळ खोटी निघाली, तरी तिथून हलणार नाही. पोलीस आणा, काय आणायचं ते आणा.