शेवटच्या टाकीजवळची पऱ्हाटी

नागपूरबाहेरच्या एका तणनाशकाच्या कारखान्यात मी सांडपाण्याच्या प्लांटवर आहे. कामात सांगण्यासारखं फार नाही. घाण पाण्यात आधी ॲसिड सोडायचं, मग हिराकस, मग पेरॉक्साईड. फेस बसला की चुना. गाळ खाली गेला की वरचं पाणी शेवटच्या टाकीत आणि तिथून नाल्यात. घरचे विचारतात, वास येत नाही का? पहिल्या वर्षी यायचा.

शेवटच्या टाकीजवळ, कापलेल्या कॅनमध्ये एक पऱ्हाटी होती. कापसाचं साधं झाड. माझ्या आधीच्या ऑपरेटरने लावलेलं; त्यांना आम्ही काकाजी म्हणायचो. ते तिला त्या टाकीतलंच पाणी घालत. तणनाशकाचा थोडासा अंश राहिला तरी पऱ्हाटीची पानं आधी बिघडतात, हे त्यांना शेतावरून ठाऊक. रिटायर होताना म्हणाले, "लॅबवाले काय म्हणायचं ते म्हणोत. तू हिले पाहत जा गा." त्यांचा स्वतःचा दोन एकर कापूस त्याच नाल्याच्या काठी. पावसाने ओढ दिली की ते आधी मला फोन करत, झाडाची चौकशी करत आणि मगच नाल्यावरची मोटार लावत.

गेल्या पावसाळ्यात पानं आकसली. भेंडीच्या पानासारखी, लांबट आणि चिरलेली. लॅबचे आकडे मात्र सगळे मर्यादेत. मी साहेबांना दाखवलं. त्यांनी पान उलटंसुलटं करून पाहिलं.

"फॉर्मवर कापसाचा रकाना आहे का?"

नव्हता. मी रजिस्टरवर सही केली आणि व्हॉल्व्ह उघडला. दुसऱ्या दिवशी साहेबांनी कॅन ऑफिससमोरच्या बागेत हलवायला लावला. तिथे माळी नळाचं पाणी घालतो. काकाजींना सांगायचं होतं. पण पाऊस चालू, त्यांचा फोन नाही, राहून गेलं. राहून गेलं म्हणणं सोपं आहे. खरं म्हणजे नोकरी जाईल म्हणून मी भ्यायलो होतो.

ऑक्टोबरात ऊन तापलं. दुपारी डबा उघडला आणि फोन वाजला.

"पऱ्हाटी कशी आहे गा?"

मी खिडकीतून बागेत पाहिलं. नवी पानं आली होती, रुंद आणि हिरवीगार. टाकीतल्या पाण्यात आम्ही काहीच बदललं नव्हतं.

"चांगली आहे काकाजी. पानं सरळ आहेत."

"अन् तू?"

"ठीक."

"मंग लावतो मोटार. झाडं सुकून राहिली."

झाडाबद्दल मी खोटं बोललो नव्हतो. ते कोणतं पाणी पितं, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी का विचारावं? आता काहीतरी वाटेल म्हणून मी फोन कानाला धरून थांबलो. काही वाटलं नाही.

फोन बंद करायला काकाजी नेहमीच विसरतात. पलीकडे बटण दाबल्याचा आवाज आला, मोटार घरघरली, आणि कापसाला पाणी नेणाऱ्या दांडात धार पडू लागली. मी डबा संपवला.