डाव्या पेटीची भरभर

हातातला कप आधी खाली ठेवा. हा किस्सा ऐकताना आमच्या साडूंनी नवाकोरा शर्ट चहानं रंगवून घेतलाय. आणि हसा खुशाल! एवढी माती खाल्ल्यावर तुम्ही हसला नाहीत तर मलाच वाईट वाटेल.

मी केज तालुक्यातल्या युसूफ वडगाव नावाच्या गावात मास्तर. मला नाद दोनच, गाणी ऐकण्याचा आणि बडबडीचा. घरात बाहेरच्या खोलीत स्पीकरच्या दोन लाकडी पेट्या होत्या, गुडघ्याएवढ्या उंच, मागच्या बाजूला मुठीएवढं गोल भोक. त्यांना हात लावायची कुणाची टाप नव्हती. बायको धूळ पुसायची तीसुद्धा मला विचारून.

झालं काय, दिवाळी सरली, गावातल्या ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्याला गेल्या आणि आठवड्याभरात माझी डावी पेटी बिघडली. बासरी लावली तर सगळं ठीक. पण ढोलकीवर थाप पडली की आतून भर्रर्र! डब्यात भुंगा कोंडावा तसं.

केजला मुनीरभाई रेडिओ-टीव्ही दुरुस्त करतात. पेटी त्यांच्याकडे नेली. त्यांनी एकदा ऐकलं आणि पेचकस उचलला. "गुरुजी, पैले पेटी खोलू द्या. आत काय तरी ढिलं हाय."

मी भडकलो. "खोलायची न्हाई! कंपनीचं फिटिंग हाय. दोष वायरचा हाय!"

मला कसं कळलं? अहो, मोबाईलवर आठ व्हिडिओ पाहिले होते ना! आठ व्हिडिओ पाहिलेल्या माणसाला कोण काय शिकवणार?

तांब्याची जाड वायर आणली. भर्रर्र. मग अॅम्प्लिफायर बदलला. नव्याची ताकद दुप्पट, म्हणून भरभरही दुप्पट. मग माझा संशय विजेवर गेला. घरातला फ्रिज, पंखे, सगळं बंद करून मी गाणी ऐकायला लागलो. बायको पदरानं वारा घेत म्हणाली, "आता मलाबी बंद करा."

आई मात्र दर वेळी दारातून डोकावून एकच विचारायची, "बाळू, पेटी तीच हाय ना रं?" मला भरून यायचं. माझ्या छंदाची म्हातारीला केवढी काळजी!

शेवटी उन्हाळा लागला. आई चार दिवस मावशीकडे गेली होती, तेव्हा मी दोन्ही पेट्या मुनीरभाईंना देऊन टाकल्या आणि नवी जोडी आणली. आवाज एकदम स्वच्छ. मी जिंकलो!

आई परत आली त्याच दुपारी शेजारची गयाबाई दारात उभी राहिली. त्यांची टोळी नुकतीच कारखान्यावरून परतली होती.

"काकू, माझी डबी द्या की. चार वाजता पाव्हणे येतेत, पोरीची सुपारी फुटायची हाय. बोरमाळ तिच्या गळ्यात घालीन म्हणते."

आता सहा-सहा महिने ज्यांच्या घराला कुलूप, ते घरात सोनं कसं ठेवणार? जाताना विश्वासाच्या शेजारणीकडे देऊन जातात. गयाबाई वर्षानुवर्षं आमच्या आईकडे देत आली होती. आणि हे मला त्या दिवशी कळलं!

आई बाहेरच्या खोलीत गेली आणि उलट्या पावली आली. मला ओढतच स्वयंपाकघरात नेलं.

"बाळू, जुनी पेटी कुठं हाय?"

"दिली की मुनीरभाईला. ही नवी..."

आई मटकन खाली बसली. "तिच्यात गयाची बोरमाळ हाय."

"पेटीत कावून ठेवली, आई?"

"मग कुठं ठेवू? कपाटाची चावी तू खिळ्याला लटकवतोस. त्या पेटीला तू मुंगीसुद्धा शिवू देत न्हाईस. मागच्या भोकातून सोडली आत."

"अगं, मला सांगायचं तरी!"

"तुला? तुझ्या तोंडात तीळ भिजत न्हाई!"

घड्याळात दोन वाजत होते. आई पदर सावरत बाहेर गेली. "बैस गं गया, च्या ठेवते," एवढं तिचं कानावर पडलं आणि मी मोटारसायकलला किक मारली. वाटेत उसाच्या रिकाम्या ट्रॉल्या रस्ता अडवून चाललेल्या. सहा महिने ऊस तोडून आलेली बाई माझ्या घरात चहा पीत बसली होती आणि तिची बोरमाळ मी माझ्या हातानं वाटेला लावली होती.

मुनीरभाईंच्या दुकानात एकच पेटी!

"दुसरी सकाळीच गेली, गुरुजी. स्टँडवरच्या हॉटेलवाल्यानं नेली."

"डावी का उजवी?"

"पेटीवर काय डावी-उजवी लिवलेलं असतंय व्हय?"

राहिलेली खोलली. रिकामी. मग दोघं पळतच हॉटेलात. पेटी भिंतीवर उंच फळीवर आणि तिच्यातून संथ भजन चाललेलं. भरभर नाही. कुणी आधीच खोलली असेल तर?

"ओ मालक, ढोलकीचं काय तरी लावा!"

"कावून, गुरुजी?"

"लावा हो, हात जोडतो!"

भर दुपारी मास्तर लावणीसाठी हात जोडतोय, सगळं हॉटेल माझ्याकडे बघायला लागलं. लावणी लागली. पहिली थाप, काही नाही. दुसरी, काही नाही. मी ओरडलो,

"आवाज मोठा करा!"

आणि आली हो! भर्रर्र! जिला सहा महिने शिव्या घातल्या, ती भरभर ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाकावर चढून मी पेटीला मिठीच मारली. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "गुरुजींना ऊन लागलंय."

मुनीरभाईंनी चार स्क्रू काढले. पत्र्याची डबी स्पीकरच्या लोहचुंबकाला घट्ट चिकटलेली. म्हणूनच एवढ्या उचलाउचलीत पडली नाही. आत बोरमाळ जशीच्या तशी!

घरी पोचलो तेव्हा साडेतीन वाजले होते आणि गयाबाईचा तिसरा कप चालू होता. मी तोंड उघडणार, तोच आईनं डोळे वटारले. चार वाजता बोरमाळ पोरीच्या गळ्यात पडली, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

पुढच्या आठवड्यात त्या हॉटेलात चहाला गेलो. तीच पेटी, हॉटेलवाल्याचा जुनाट अॅम्प्लिफायर, आणि आवाज काय सांगू! माझ्या नव्या जोडीपेक्षा सरस. परत मागितली तर म्हणाला, "न्हाई गुरुजी, असा आवाज साऱ्या तालुक्यात न्हाई."

यंदा दिवाळीनंतर गयाबाई परत कारखान्याला गेली. आईनं मला देवासमोर उभं केलं. डबी शोधायची नाही, आणि कळलीच तर कुणापाशी बोलायचं नाही. मी शपथ घेतली. परवापासून माझ्या नव्या उजव्या पेटीतून ढोलकीच्या थापेला भर्रर्र होतंय. पण मी ना वायर बदलली, ना मुनीरभाईंकडे गेलो, ना कुणाजवळ चकार शब्द काढला...

अरे देवा! प्या बरं तो चहा मुकाट्यानं, आणि तुम्ही काही ऐकलंच नाही.