आधी चहा येऊ द्या

उदगीरच्या आमच्या डाळमिलचे संगाप्पाकाका वर्षानुवर्षं व्यापाऱ्यांच्या दुकानांत जाऊन सौदे ठरवत. मालकांनी व्हिडिओ मीटिंग सुरू केल्या, तेव्हा काका फुगून बसले. "पडद्याशी काय बोलायचं? चहा न्हाई, पाणी न्हाई." मी लॅपटॉप लावून द्यायची आणि त्यांची बोलणी खायची.

मग एके सकाळी त्यांनी कॅमेऱ्यापुढं कपबशी मांडली. "तुमचाबी चहा येऊ द्या, मगच भाव बोलू." घरून बोलणाऱ्या व्यापाऱ्यांनी आत चहा सांगितला. इंदूरच्या शेटजींच्या सुनेनं कप आणला, हैदराबादवाल्यांचा नातू त्यांच्या मांडीवर चढला. काकांनी त्याला हात हलवून टाटा केला.

आता मीटिंगला काका इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याआधी हजर असतात. परवा मालकांनी निवृत्तीचा विषय काढला, तर म्हणाले, "जन्मभर दुकानात गेलो. लोकांच्या घरात आत्ता कुठं जायला लागलोय."