दिगंबररावांचे चिखलाचे टायर

दिगंबर करमरकर खुर्चीत बसले की त्यांचा उजवा पाय आपोआप हलायला लागतो. जेवताना हलतो, बँकेत खातेदारासमोर हलतो, देवळात आरतीलासुद्धा हलतो. दर तीन वर्षांनी बदली होणाऱ्या नोकरीत असा माणूस मजेत असतो. बायको मजेत आहे की नाही, हे विचारायचं राहून जातं, एवढंच.

कोलकात्यात, खिदिरपूरच्या शाखेत आले आणि गणित बिघडलं. इथं लीनाताईंना करमायला लागलं. दर शनिवारी त्यांच्या घरी मराठी मुलांचा वर्ग भरतो. दिवसभर बंगाली-हिंदीत वावरणारी ही मुलं "काकू, पाणी खाऊ का?" असं विचारतात, आणि त्या न हसता सुधारतात. आजवरच्या कुठल्याच गावात त्यांच्यावाचून कुणाचं काही अडलं नव्हतं, इथं अडत होतं. म्हणून गेल्या दिवाळीत दिगंबररावांनी शब्द दिला होता की आता बदली नाही, इथूनच रिटायर व्हायचं.

शब्द दिला खरा, पण पायाला कोण सांगणार? मन रमावं म्हणून त्यांनी फोर-व्हील ड्राइव्हची जुनी जीप घेतली. डोंगर चढायला जन्मलेली ती गाडी बिचारी बराकपूरला जाऊन परत येई, गार्डन रीचला जाऊन परत येई. परत आली की दिगंबरराव आणखीच चिडचिडे होत. पावसाळ्याच्या तोंडावर तिचे टायर झिजले.

मग मुलीला स्थळ बघावं तशी टायरची चौकशी सुरू झाली. डांबरी रस्त्याचे टायर आवाज न करता पळतात आणि ओल्या रस्त्यालाही घट्ट धरतात. पण चिखलात त्यांच्या खाचा बुजतात आणि चाक जागच्या जागी फिरत बसतं. चिखलाच्या टायरांना मोठाले ठोकळे, रुंद खाचा. ते चिखल झटकत वर चढतात, पण डांबरावर घोंघावतात आणि ओल्यात घसरतात. तिसरे मधले, दोन्हीकडे बेताचे. शहाणा माणूस आपण रोज कुठं जातो ते बघून टायर घेतो. दिगंबररावांनी मल्लिकबाजारातून चिखलाचे आणले, स्टेपनीसकट.

शनिवारी दोघं वर्गासाठी वह्या आणायला निघाले. पाऊस नुकताच थांबला होता. वाटेत ट्रामचे जुने रूळ लागले, समोर फळांची हातगाडी आली. दिगंबररावांनी ब्रेक दाबला, पण जीप रुळांवरून सरकत गेली आणि पेरूंच्या ढिगापासून वीतभर अंतरावर थांबली. हातगाडीवाल्यानं त्यांचा यथास्थित उद्धार केला.

लीनाताईंनी तो संपू दिला. मग म्हणाल्या, "अहो, हे टायर कशासाठी घेतलेत?"

"पावसाळ्यासाठी."

"इथं पाणी तुंबतं. चिखल कुठाय?"

दिगंबररावांचा पाय हलायला लागला. लीनाताईंनी मागे एकदा भर उन्हाळ्यात अचानक घरात आलेले रग पाहिले होते, आणि महिन्याभरात डेहराडूनची ऑर्डर. त्याआधी कूलर, मग बिकानेर. बदलीवाल्या घरात पुढच्या गावाची खरेदी आधी येते आणि बातमी नंतर.

"कुठं?" त्यांनी विचारलं.

"शिलाँग." खोटं बोलायचा धीर झाला नाही. "मीच अर्ज केलाय. ऑर्डर अजून नाही."

"तुम्ही जा," लीनाताई शांतपणे म्हणाल्या. "मी येणार नाही."

त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. रविवारभर दिगंबररावांनी जीपभोवती येरझाऱ्या घातल्या. शिलाँगचा घाट त्यांनी मनात शंभरदा चढला होता, आणि दर वेळी डाव्या सीटवर लीना होती. ती नसेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. एवढ्या बदल्यांत तिला एकदाही विचारलं नाही, याची त्यांना लाज वाटली.

सोमवारी त्यांनी अर्ज मागे घेतला आणि संध्याकाळी डांबरी रस्त्याचे टायर बसवून आले. येताना जीप इतकी गुपचूप चालत होती की त्यांना जीव नकोसा झाला.

लीनाताई खाली आल्या. "अर्ज मागे घेतला," ते म्हणाले. लीनाताईंनी मान हलवली आणि एकेक चाक बघत जीपला फेरी मारली. मागच्या दारापाशी थांबल्या. तिथं स्टेपनी लटकत होती, ठोकळ्यांची, चिखलाची.

"हा एक ठेवलात?"

"स्टेपनी लागतेच ना." पाय हलायला लागला होता.

लीनाताईंनी पायाकडे पाहिलं, मग टायरकडे.

"असू दे," त्या म्हणाल्या. "पण त्यातली हवा काढून ठेवा."

दिगंबररावांनी वाकून टोपण काढलं आणि व्हॉल्व्ह दाबून धरला. हवा जायला बराच वेळ लागला. तोवर लीनाताई त्यांच्या शेजारीच उभ्या राहिल्या.