बिनदातांच्या मुलाची आई

मासळी ताजी आहे हे दाखवायला कोळीण माशाचा कल्ला उचलते, ते तुम्ही पाहिलं असेल. ती आपल्या मुलाचा वरचा ओठ तसाच उचलायची. अंगठ्याने, झटकन. आणि म्हणायची, "बघा. खरं ते बोला बाई, गोड नको."

नव्वदीच्या सुरुवातीला मी बेलापूरला एका सोसायटीच्या तळमजल्यावर दातांचा दवाखाना टाकला होता. ती जवळच्या दिवाळे कोळीवाड्यातून मासळी घेऊन आमच्या सेक्टरमध्ये दारोदार फिरायची. मुलाला पहिल्यांदा घेऊन आली तेव्हा तिने पाटी दाराबाहेर ठेवली आणि बाकावर बसलेल्या एका बँकेतल्या साहेबांना बजावलं, "मांजर आली तं हाकला हां." साहेब दाढदुखी विसरून पाटी राखत बसले.

मुलगा चारेक वर्षांचा. विरळ पिवळट केस, कोरडी कातडी, तोंडात फक्त दोन सुळे, खिळ्यासारखे टोकदार. बाकी नुसत्या हिरड्या, त्याही सोललेल्या. कुणी सांगितलं म्हणून ती रोज कसलंसं मूळ उगाळून त्यांवर चोळत होती. नवस झाले होते, अंगारे झाले होते. गल्लीतली पोरं त्याला 'म्हातारा' म्हणायची आणि तो त्या हाकेला खुशाल ओ द्यायचा.

"पोटात व्हता तवा ग्रहनात मी मासली कापली," ती म्हणाली. "सासू म्हनते, त्याचंच फल हाय."

मी एक्स-रे काढला. हिरडीखाली दातांचे कोंबच नव्हते. मूळ चोळणं आजपासून बंद, असं सांगून मी विचारलं, "याला घाम येतो का?"

ती चमकली. "कवाच नाय. उन्हात नेला का तापानं फनफनतो. सासू म्हनते, झपाटलाय."

मग मी तिला समजावलं. दात, केस आणि घामाच्या ग्रंथी आईच्या पोटात एकाच थरातून घडतात. काही मुलांचं तिथेच अपुरं राहतं. घाम नाही म्हणून अंग निवत नाही, म्हणून ताप चढतो. सावलीत ठेवायचं, अंग ओलं ठेवायचं. एवढं तिने लगेच उचललं. दुसऱ्या दिवसापासून पोरगा ओल्या टॉवेलात गुंडाळलेला दिसू लागला.

दातांसाठी उपाय एकच होता, छोटीशी कवळी. जबडा वाढेल तशी ती पुन्हा पुन्हा नवी करायची. तो मोठा झाला, हाड वाढायचं थांबलं, की हाडात स्क्रू बसवून पक्के दात लावता येतील, पण ते फार पुढचं. माप घेताना त्याने माझ्या बोटाला कडकडून चावा घेतला. ती म्हणाली, "दोनच हायत, पन कामाचे हायत."

कवळी तो थुंकून टाकायचा. ती उचलून, धुऊन परत बसवायची आणि त्याच्यासमोर बसून स्वतः चावून दाखवायची. असे कित्येक आठवडे गेले. एकदा माझ्या बाकावर बसवून तिने त्याच्या हातात तळलेला सुका बोंबील दिला. कुरकुर आवाज आला. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं आणि बराच वेळ वळली नाही.

त्याच दिवशी तिने सांगितलं, "मी परत पोटुशी हाय. या खेपेला ग्रहनात हातावर हात ठेवून बसेन. मंग असं नाय ना होनार?"

मी तिलाच तोंड उघडायला लावलं. पुढचा एक दात जागेवर नव्हता, त्याच्या जोडीचा बारीक, टोकदार. तिच्या केसांची वेणीही उंदराच्या शेपटाएवढीच होती. मी हातातला आरसा खाली ठेवला.

"खरं ते बोला, बाई."

मी बोलले. हे आईकडून येतं. मुलीत उतरलं तरी थोडंच, मुलगा झाला तर होण्याची आणि न होण्याची शक्यता सारखीच. आधी कळायला आपल्याकडे काही साधन नाही. यात तुझी चूक काहीच नाही.

"म्हंजे ग्रहनाचं नाय."

"नाही."

"घरात सांगू नका. ग्रहनच राहू द्या." पाटी डोक्यावर घेताना ती म्हणाली, "ग्रहन सुटतं, बाई. रगत कुठं सुटतं?"

मुलगाच झाला. पहिल्या उन्हाळ्यात एका दुपारी ती पाटीशिवाय दारात उभी राहिली. तान्हं ओल्या टॉवेलात, अंग भाजतंय, घामाचा टिपूस नाही. "हा पन?" तिने विचारलं. मी होकारार्थी मान हलवली. ताप उतरेपर्यंत दोघींनी मिळून त्याला पुसलं.

त्यानंतर ती आलीच नाही. थोरल्याची कवळी बदलायची वेळ झाली, तरी नाही. शेवटी मी दिवाळ्याला गेले. तिची सासू खाडीकाठी बांबूंवर बोंबील वाळत घालत होती.

"ती गेली," सासू म्हणाली. "उरनकडं, माहेराला. दोनी पोरं घेऊन."

"तुम्ही घालवलंत?"

"मी का घालवीन? तिनंच सगलं सांगितलं, माज्या रगतातच हाय म्हनून. मी म्हनलं, ग्रहनाचंच हाय असं म्हन. दोन खेपेला दोन ग्रहनं लागली असतील. कशाला आपल्या अंगावर घेते? ऐकलं नाय. तिसरा नको म्हनाली आनि गेली."

सासूचा पोरगा, म्हणजे तिचा नवरा, तिला आणायला गेला होता. ती माहेरीही राहिली नव्हती. कुठल्या बंदरावर गेली ते भावालाही माहीत नव्हतं. मी माझा पत्ता ठेवला, निरोप ठेवला, आणि निघाले.

म्हातारी हातातला बोंबील तसाच धरून माझ्या मागे आली.

"बाई, थोरल्याचे ते दात आता लहान झाले असतील ना?"

"हो. बसतच नसतील."

तिने हातातल्या बोंबलाकडे पाहिलं.

"मंग खातो काय तो?"