आधी खालच्या ओळी

विश्रांतवाडीत जुने टीव्ही दुरुस्त करणारे चाचा नसते, तर माझ्या आईनं उरलेलं आयुष्य स्वतःला दोष देत काढलं असतं. म्हणून आधी त्यांचं सांगते.

मी सातवीत शाळा सोडली. आता हडपसरला डबे करते. आई दूर, वणीकडच्या गावी. ताईच्या लग्नाची टेप चाचांनीच कॉम्प्युटरवर उतरवून दिली होती. डीव्हीडी मात्र मी हौसेनं घरी केली. काही चुकेल या धास्तीनं दोनदा उठून पाणी प्यायले. इंटरलेस्ड की प्रोग्रेसिव्ह, म्हणजे चित्र अर्धं अर्धं की एकदम, असं कॉम्प्युटरनं विचारलं तेव्हा चाचांनी सांगितलेलं इंटरलेस्ड निवडलं. पुढं ओळींचं आणखी काही विचारलं होतं. कळलं नाही, आहे तसं ठेवलं. कॉम्प्युटरवर छान दिसलं, म्हणून आईला कुरिअर केलं.

चौथ्या दिवशी आईचा फोन. "तवापासूनच हात कापत होते का वं त्याहीचे? मले कसं नाही दिसलं?"

बाबा कंपवातानं गेले, पण लग्नानंतर कितीतरी वर्षांनी. लग्नात हात चांगले होते. होते ना? मलाच शंका यायला लागली.

दुसरी प्रत घेऊन चाचांकडे गेले. त्यांनी ती आईकडच्यासारख्याच जुन्या, डब्यासारख्या टीव्हीवर लावली. बाबा पंगतीत बुंदी वाढत होते आणि हात खरंच थरथरत होता. मला रडूच आलं.

"अहो बाई, बाबांचं राहू द्या. मागं पळणारी पोरं बघा," चाचा म्हणाले. "त्यांनाही कंपवात?"

पोरंही थरथरत होती.

"या टेपेत प्रत्येक चित्राचे दोन भाग. एकाआड एक ओळी आधी, उरलेल्या नंतर. खालच्या ओळी आधी हव्यात, तुम्ही वरच्या आधी लावल्यात. म्हणून हात पुढं जातो, मागं येतो, परत पुढं. कॉम्प्युटर दोन्ही भाग एकत्र दाखवतो, तिथं हे कळत नाही."

"मग प्रोग्रेसिव्ह करू? सगळं एकदमच?"

"करा की. हाताला कंगव्यासारखे दात फुटतील. आईंचा टीव्ही जुना आहे, त्याला अर्धं अर्धंच पचतं. फक्त क्रमानं वाढा."

मग शेजारी बसून त्यांनी ते माझ्याच हातानं करून घेतलं.

नवी डिस्क पाहून आईनं फोन केला. म्हणाली, "नाही कापत वं. बुंदीचा दाणा बी सांडला नाही त्याहीनं."

चाचांच्या कपाटात त्यांच्या घरच्याही टेपा पडून आहेत. एकीत त्यांच्या गेलेल्या बायकोचा आवाज आहे म्हणतात. "सवड मिळाली की बघू," एवढंच बोलतात. ती त्यांना मिळायची नाही. माझा हात जरा बसला, की एक दिवस त्या टेपा मी उतरवून देणार आहे, आणि ती आवाजाची सगळ्यात आधी.