लिगायाच्या उभ्या बाह्या

सकाळी दवाखान्यातून श्रीधरभाऊंचा फोन आला. "वहिनी, लीला गेली..." लीला हे तिचं सासरचं नाव. ती लिगाया, फिलिपिन्सची. दुबईत एका कपड्यांच्या दुकानात काम करत असताना श्रीधरभाऊ भेटले, आणि लग्न होऊन ती बडोद्याला, कारेलीबागेतल्या आमच्या सोसायटीत, अगदी माझ्या डोक्यावरच्या घरात राहायला आली. मी घरी शिवणाचे क्लास घेते. ओळखीनंतर महिन्याभरातच तिनं माझ्या कापायच्या टेबलावर एक गाठोडं सोडलं. आत तेर्नो होता, तिच्याकडच्या बायकांचा समारंभाचा पायघोळ झगा. बाह्या खांद्यावर फुलपाखराच्या पंखांसारख्या ताठ उभ्या. अननसाच्या पानांचा धागा काढून तिच्या आईनं ते कापड विणलं होतं, इतकं तलम की खालून माझी बोटं दिसत होती. "साडीत छान दिसते, बधा लोक म्हणतात," ती तिच्या गुजराती मिसळलेल्या मराठीत म्हणाली, "पण ह्यात मी मी दिसते."

एकदाच, दिवाळीच्या फराळाला रावपुऱ्यात तिच्या नणंदेकडे, श्रीधरभाऊंच्या ताईंकडे, जाताना तिनं तो घातला. नणंद सगळ्यांसमोर म्हणाल्या, "काय गं, नाटकात काम मिळालं की काय?" सगळे हसले. श्रीधरभाऊ चिवडा चिवडत बसले. त्यानंतर एकवीस वर्षं ती साडीत राहिली, आणि मला वाटत राहिलं की तिला ते सवयीचं झालंय.

आजार बळावला तसा तिनं तो झगा माझ्याकडे दिला, एक बाही ढिली पडली होती म्हणून. श्रीधरभाऊ शेजारीच बसले होते. "मला जाळा, हरकत नाही. पण अंगावर हे पाहिजे. चालेल ने?" ती म्हणाली. त्यांनी तिचा हात धरला. "शब्द देतो."

ती गेली त्या दिवशी तिला दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा मी खाली त्या बाह्यांना इस्त्री करत होते. घाईत सुरकुती राहू नये एवढीच धास्ती. झगा हातांवर आडवा घेऊन वर गेले, तर तिला हिरवी साडी नेसवून झाली होती. हिरवा चुडा, कपाळभर कुंकू. मी श्रीधरभाऊंकडे पाहिलं. "ताई म्हणाली, सवाष्ण गेलीय... चार लोक काय म्हणतील," ते पुटपुटले. शब्द देणारा माणूस इतका लहान दिसू शकतो! पण त्यांना काय बोलू? नणंदेनं नारळ पुढे केला आणि मी... मी झगा खुर्चीवर ठेवला आणि तिची ओटी भरली. सगळ्यांच्या बरोबरीनं.

तेराव्यानंतर ते खाली आले. "तिच्या बहिणीला सांगितलंय, झगा घातला होता म्हणून. विचारलं तर तुम्हीही हो म्हणा." तो झगा मी खाली आणून माझ्या कपाटात ठेवला होता, आणि हे त्यांना माहीत होतं.

परवा बहिणीचा व्हिडिओ कॉल आला. तिनं मोडक्या इंग्रजीत विचारलं, मी माझ्या मोडक्या इंग्रजीत "नाही" म्हणाले, आणि ओटीचंही सांगितलं.  ती म्हणाली, दाखव.

मी झगा दोन्ही खांद्यांना धरून फोनसमोर उंच केला. तिकडे तिनं कुणाला तरी हाका मारल्या. एकेक करून बायका खोलीत आल्या, म्हाताऱ्या, तरण्या, एक कडेवर मूल घेतलेली. कुणी रडलं नाही. त्या नुसत्या उभ्या राहिल्या, अंत्यदर्शनाला राहतात तशा. माझे हात भरून आले... पण त्यांतली शेवटची बाई बसेपर्यंत मी ते खाली घेतले नाहीत.